पाटी कुणाच्या दारावर

माझ्या उत्पलाला मुलगी झाली ते साल दोन हजार नऊ. तिच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीला गेले. त्याआधी माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूर. तिथं पोचून चौथा दिवस होता. बाळ झोपलं होतं, मी चहा गाळत होते. सहज खिडकीतून खाली बघितलं, तर माझी मुलगी रस्ता झाडत होती.

“उत्पले!”

मी दुसऱ्या मजल्यावरून ओरडले. त्या गावात एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडत नाही. समोरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. मी तशीच अनवाणी जिना उतरले आणि तिच्या हातातला झाडू हिसकावून घेतला.

“आई, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत. पोटाला टाके असलेली पोरगी रस्ता झाडतीय ते दिसंना त्यांना, आणि मी ओरडलेलं दिसलं व्हय?”

“अगं, आपला आठवडा आहे.”

“कसला आठवडा?”

तिनं वर बोट दाखवलं. “आपल्या दाराला लाकडी पाटी लटकवलीय ना, ती बघितली नाहीस? ती ज्याच्या दाराला, त्यानं त्या आठवड्यात जिना पुसायचा आणि घरापुढचा रस्ता झाडायचा. शनिवारी झाडून झालं की पाटी शेजारच्या दारावर. केरवोखे म्हणतात इथं.”

“केर? आपलाच केर?”

“आपलाच समज.” ती हसायला गेली आणि टाक्यांनी कळ मारली म्हणून पोट धरून भिंतीला टेकली.

“आणि ते खालचे डॉक्टर? ते झाडतात?”

“झाडतात.”

“मला खोटं सांगू नको.”

“तीन आठवडे थांब. डोळ्यांनी बघशील.”

मी तिला वर पाठवलं आणि रस्ता मीच झाडला.

तीस वर्षं मी गाव झाडलं. आमच्या तालुक्याच्या गावी माझी सासू पालिकेत झाडायला होती, तिच्यामागं माझा नवरा, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी मी. शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यापासून जुन्या वेशीपर्यंतचा रस्ता माझा होता. उत्पला तेव्हा दुसरीत. तिनं कधी खेळता खेळता खराट्याला हात लावला तर मी तिच्या हातावर मारायची. घरातला केरसुद्धा तिला काढू दिला नाही. शेजारणी हसायच्या, “द्रौपदा, पोरीला राणी करणार काय गं?” मी म्हणायची, “राणी न्हाई, नर्स.” ती नर्स झाली, परीक्षा देऊन जर्मनीला गेली. मला वाटलं, खराटा माझ्यापाशी संपला. आणि सात समुद्र ओलांडून येते तर काय, पोरीच्या हातात झाडू.

म्हणून त्या दिवशी मी रागानं झाडलं. रागानं झाडलेला रस्ता फार स्वच्छ होतो. आधी बादलीभर पाणी आणून शिंपडलं, धूळ बसवली. मग जे सुरू केलं ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं थांबायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्या हाताला रस्त्याचं टोक माहीत, घराची हद्द माहीत नाही.

संध्याकाळी शेजारच्या घरातली बाई दार वाजवून आली. चेहरा पडलेला. उत्पलाशी बराच वेळ बोलली आणि गेली.

“काय म्हणत होती?”

“म्हणाली, माझ्या घरापुढं घाण राहिली होती का? तुमच्या आईला झाडावं लागलं म्हणून विचारायला आले. तिला रडूच यायचं बाकी होतं.”

“आता हिला मी काय केलं?”

“तू तिचा रस्ता झाडलास, आई. इथं दुसऱ्याचा रस्ता झाडला की त्याची लाज काढल्यासारखं होतं.”

मला त्याचं फार नवल वाटलं. आमच्याकडं माझा रस्ता कुणीही घाण करावा, त्यात लाज मलाच होती.

गावाचं नाव ओबरटालिंगेन. मला ते पुरतं घेता यायचं नाही, मी नुसतं तालिंगन म्हणायची. वस्ती सहा हजारांची. मधून एक पातळशी नदी, तिच्यावर दगडी पूल, पुलाच्या पलीकडं चौक, चौकात कारंजं. चर्चची घंटा दर पाव तासाला वाजायची, त्यामुळं वेळ विसरायची म्हटली तरी विसरता यायची नाही. घरांच्या भिंतींत काळ्या लाकडाचे आडवे-उभे वासे, खिडक्यांत लाल फुलं. पाववाल्याचं दुकान भल्या सकाळी उघडायचं आणि शनिवारी दुपारी सगळा बाजार बंद. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कपडे धुवायचं यंत्र लावायचं नाही. काचेची बाटली टाकायलासुद्धा वेळ ठरलेली, भलत्या वेळी टाकली तर आवाज होतो म्हणून.

पण गाव झाडणाऱ्या बाईला गाव जमिनीवरून कळतं. तालिंगनच्या जमिनीवर थुंकी नव्हती, शेण नव्हतं, मेलेलं जनावर नव्हतं. चार पानं आणि दोन विड्यांची थोटकं. असं गाव ते लोक दर शनिवारी झाडत होते. मला आधी हसू यायचं.

आमच्या इमारतीत चार घरं. तळमजल्यावर हेगलेबाई. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, गावच्या शाळेत अडतीस वर्षं मास्तरीण होत्या. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर फोग्ट. दुसऱ्यावर आम्ही. वरच्या मजल्यावर ब्रांट, पन्नाशीचा एकटा माणूस, चौकात चष्म्यांचं दुकान. आम्ही राहत होतो ते घर त्याच्या बहिणीचं, म्हणून जावयाला त्याचा जरा धाक.

आमचा आठवडा संपला आणि पुढच्या शनिवारी पाटी पुन्हा आमच्याच दाराला दिसली. बरोबर चॉकलेटचा डबा, त्याला निळी फीत. मला वाटलं, पाळी दोन आठवड्यांची असेल. झाडलं. वरून ब्रांट खिडकीतून हात हलवून हसला. मीही हसले. माणूस बरा वाटला मला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात हेगलेबाई बाहेर आल्या. अंगात निळा एप्रन, डोक्याला रुमाल. हळूहळू, पण एक पान न सोडता त्यांनी आपल्या हद्दीपर्यंत झाडलं आणि हद्दीवर असं थांबल्या, जसं पाढा म्हणताना दहावर थांबतात. त्याच्या पुढच्या शनिवारी मी सकाळपासून खिडकीत बसले होते. डॉक्टर फोग्ट चांगला कोट घालून, पायात चकचकीत बूट, हातात झाडू घेऊन खाली उतरले. कुणी त्यांना बघून हसलं नाही. समोरून जाणाऱ्या माणसानं टोपी उचलून नमस्कार केला. डॉक्टरांनी झाडू एका हातात धरून नमस्कार घेतला.

मी तोंडावर पदर धरून बघत राहिले.

“पटलं?” उत्पला मागं बाळाला घेऊन उभी होती. “आई, इथं पाटी फिरते. कुणाच्या कपाळाला चिकटलेली नाही.”

“फिरतीय तोवर ठीक,” मी म्हणाले.

खालच्या जिन्यात भिंतीवर एक यादी लावलेली होती. कुठल्या आठवड्यात कुणाची पाळी ते तीत लिहिलेलं. मला अक्षरओळख झाली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, पालिकेच्या शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात. तीही आपल्या अक्षरांची. पण अक्षर परकं असलं तरी ओळखायचं कसं हे एकदा कळलं की कळलं. दारावरच्या घंटीजवळ ज्याचं त्याचं नाव होतं. त्या नावाचा आकार डोळ्यांत धरून मी यादीसमोर येऊन उभी राहायची आणि बोटानं शोधायची. सगळ्यात लांब नाव आमचं, भालशंकर, ते आधी सापडलं. असंच एकदा बोट ठेवून उभी असताना मागून हेगलेबाई आल्या. त्यांनी बघितलं, मी काय करतेय. मला वाटलं हसतील. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं सुरकुतलेलं बोट ठेवलं आणि पहिलं अक्षर मोठ्यानं म्हटलं. मग माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या. मी म्हटलं. त्यांनी दुसरं म्हटलं. अर्धा तास आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो. चारही नावं पाठ झाली तेव्हाच त्यांनी मला वर जाऊ दिलं.

नोव्हेंबरात आमची पाळी आली. मी झाडलं, संध्याकाळी पाटी वर नेऊन ब्रांटच्या दाराला अडकवली. पुढच्या शनिवारी सकाळी दार उघडलं तर पाटी परत आमच्या दारावर. चॉकलेटचा डबा. फीत या खेपेला लाल.

मी खाली जाऊन यादी बघितली. बोट ठेवून बघितली. मग वर येऊन जावयासमोर डबा ठेवला.

“जावईबापू, हे काय?”

प्रज्योत पाव खात होते, ते थांबले. “आई, ते ब्रांट म्हणत होते, त्यांची पाठ दुखते. आणि तुम्ही इतकं छान झाडता...”

“म्हणून मागच्या खेपेलाही?”

“त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो. एवढ्यातेवढ्याला नाही कसं म्हणायचं? घर त्यांच्या बहिणीचं आहे.”

“मी छान झाडते हे त्याला खिडकीतून कळलं?”

उत्पलानं बाळाला खांद्यावर टाकलं. “प्रज्योत, काय सांगितलंयस तू त्यांना?”

“कौतुकानं सांगितलं गं. आई पालिकेत तीस वर्षं होत्या, गावाचा मोठा रस्ता एकट्या झाडायच्या म्हणून. त्यांनी मान हलवली. चांगलं वाटलं मला.”

मी पाटी काढली, डबा काखेत मारला आणि वरचा मजला चढले. ब्रांटनं दार उघडलं. हसत होता. मी पाटी त्याच्या दाराला अडकवली, डबा त्याच्या हातात दिला आणि मराठीत सांगितलं, “तुझी पाळी.” खाली आले.

पाव तासाची घंटा झाली आणि ब्रांट पाटी घेऊन आमच्या दारात. उत्पलाशी गोड बोलत होता, माझ्याकडं बघून मान डोलावत होता.

“काय म्हणतोय?”

“काही नाही, आई. जाऊ दे.”

“जसं म्हणतोय तसं सांग.”

तिनं खाली बघितलं. “म्हणतोय, तुमच्या आईला सवय आहे. तीस वर्षं केलंय, एका रस्त्याचं काय ते.”

सवय. आमच्या गावीही हाच शब्द होता. गटारात उतरायला सांगताना मुकादम म्हणायचा, तुम्हाला सवय आहे. ब्रांटला यातलं काही ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नव्हता तो. पण हजारो कोसांवर, दुसऱ्या भाषेत, नेमका तोच शब्द त्याच्या तोंडात कसा आला?

“मी झाडतो,” प्रज्योत बूट घालायला लागले. “दहा मिनिटांचं काम. विषय संपवू.”

“झाडूला हात लावला तर बघा.” मी झाडू उचलला. “तुम्ही झाडला तरी तोच अर्थ होतोय.”

“आई, आपण परके आहोत इथं! उद्या घर सोडा म्हणाली त्यांची बहीण, तर तान्ह्या बाळाला घेऊन कुठं जायचं?”

“म्हणून तर. आज ही पाटी आपल्या दारावर राहिली तर त्या तान्ह्या बाळाच्या दारावर राहील.”

मी खाली जाऊन पुढच्या दाराच्या पायरीवर बसले. झाडू मांडीवर आडवा घेतला. अंगात जावयाचा जाड कोट, डोक्याला शाल. समोरच्या लिंडनच्या झाडाची उरलीसुरली पानं वाऱ्यानं पडत होती आणि एकही पान मी उचलणार नव्हते.

गल्लीत एकेक जण झाडून गेला. अकरा वाजले, बारा वाजले. सगळी गल्ली लख्ख, एक आमच्या दारापुढचा तुकडा पिवळा. त्या गावात ते असं दिसत होतं, जसं भर लग्नात नवरदेव फाटका सदरा घालून आलाय. आमची पानं उडून शेजारणीच्या हद्दीत जायला लागली. ती बाहेर आली, पानांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वर खिडकीत उभ्या उत्पलाला काहीतरी विचारलं. उत्पला घाईनं काही बोलली.

“काय सांगितलंस तिला?” मी खालून विचारलं.

“सांगितलं, आत्ता झाडतो आम्ही.”

“का सांगितलंस? आपली पाळी हाय?”

ती खाली आली. बाळ छातीशी बांधलेलं. माझ्याशेजारी पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं. “आई, एका झाडूसाठी एवढा हट्ट? मी रोज दवाखान्यात म्हाताऱ्यांचं काय काय साफ करते, मला कधी कमीपणा वाटला नाही.”

“वाटूच नये. ते तू निवडलंस.”

“मग हे?”

मग मी तिला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. “गेल्या साली निवृत्त झाले तेव्हा क्लार्कनं कागद पुढं केला. म्हणाला, बाई, वारसाचं नाव लिहा, तुमच्या जागी त्याला लावून घेतात. सासूनं नवऱ्याचं लावलेलं, नवऱ्यामागं माझं. मी म्हटलं, मला लिहिता येतं, आणा पेन. आणि लिहिलं, वारस नाही. तो म्हणाला, अहो, मुलगी आहे की तुम्हाला! मी म्हटलं, मुलगी हाय. वारस न्हाई.”

उत्पलानं बाळाचं टोपरं कानांवर ओढलं.

“आयुष्यात सहीशिवाय सरकारी कागदावर मी दोनच शब्द लिहिले, पोरी. ते खोटे पडू द्यायचे न्हाईत मला.”

पाववाली दुकान बंद करून चालली होती. थांबली. पानांकडं बोट करून तिनं विचारलं. उत्पला उठली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं उत्तर दिलं. त्यातला एक शब्द मला कळला, यादीतला: ब्रांट.

पाववाली वर बघायला लागली. शेजारीण फाटकाशी आली. डॉक्टर फोग्ट बाहेर निघाले होते, तेही थांबले. सगळे नुसते वर बघत होते, आणि त्या लोकांचं असं गप्प बघणं आपल्याकडच्या शिव्यांपेक्षा भारी असतं. ब्रांटचा पडदा हलला. थोड्या वेळानं तो खाली आला, हात कोटाच्या खिशात, चेहरा लाल. मी उठले. झाडू दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

“झाड,” मी म्हटलं.

तो उत्पलाशी बोलायला लागला. कमरेला हात लावून दाखवायला लागला. तेवढ्यात तळमजल्याची खिडकी धाडकन उघडली.

“युर्गन!”

हेगलेबाई. तो पन्नाशीचा बाप्या आवाज ऐकून असा सरळ झाला, की मला त्याची अर्धी चड्डी दिसली. बाई शांतपणे दोन-तीन वाक्यं बोलल्या. पाववाली खो खो हसली. डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

“काय म्हणाल्या?” मी कुजबुजले.

उत्पलाला बोलता येईना हसण्यामुळं. “म्हणाल्या, तिसरीत वर्ग झाडायची पाळी आली की तुझं पोट दुखायचं. आता पाठीवर आलंय का?”

ब्रांटनं झाडू घेतला.

आयुष्यात त्यानं झाडू धरला नव्हता. आई होती तोवर आई झाडत असणार, मग बायको, बायको गेल्यावर कोण कोण. झाडूचा दांडा त्यानं कुदळीसारखा धरला. वाऱ्याकडं तोंड करून झाडायला लागला, म्हणजे झाडलेलं पान परत त्याच्याच पायाशी. कोपरे तसेच. गटाराच्या कडेला नुसता स्पर्श. माझे हात शिवशिवत होते. मनगट ढिलं सोड, वारा पाठीशी घे, एवढं सांगितलं असतं तरी त्याचं काम निम्मं झालं असतं. मी पदरात हात गुंडाळून बसून राहिले. त्याला तीन घंटा लागल्या, चर्चच्या. म्हणजे पाऊण तास. झाल्यावर त्यानं झाडू मला परत दिला. मी उठून त्याला हात जोडले, “जयभीम.” त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं मान वाकवली. पाटी त्यानं स्वतः हेगलेबाईंच्या दारावर नेऊन लावली.

ब्रांटच्या बहिणीचा फोन आला नाही. उत्पलाचं घर पुढं सात वर्षं तेच राहिलं.

मी परत यायच्या आधीच्या आठवड्यात पाटी यादीप्रमाणं आमच्या दाराला आली. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. उत्पलाचे टाके केव्हाच भरले होते. मी झाडू तिच्या हातात दिला.

“मी?” ती म्हणाली.

“तूच. पाळी हाय तुझी.”

मी बाळाला घेऊन पायरीवर उभी राहिले. तिनं चार हात मारले. ब्रांटपेक्षा बरी होती, फार नाही. ज्या पोरीच्या हातावर मी मारलं होतं, तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, “मनगट ढिलं सोड. वारा पाठीशी घे. आणि हद्द आली की थांब.”

पुढचं मला उत्पलानं फोनवर सांगितलं. हेगलेबाई शेवटच्या आजारात पडल्या तेव्हा त्यांची पाळी होती आणि पाटी त्यांच्या दाराला होती. शनिवारी सकाळी ब्रांट न सांगता खाली उतरला, त्यांचा रस्ता हद्दीपर्यंत झाडला आणि मग पाटी पुढच्या दाराला लावली. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, अकरा मार्च दोन हजार सोळाला, हेगलेबाई वारल्या.